बाळाच्या वजनाने आईला मोजू नका

'पालक' हा मराठीतला चांगला शब्द आहे. त्यात आई येते, बाप येतो, सांभाळणारी आजी आणि आत्याही येते. पण पालकत्व आणि बालआरोग्य ह्या विषयावरची प्रश्नावली हातात घेतली की हा शब्द आक्रसत जातो. आईचे शिक्षण किती? आईने किती महिने अंगावर पाजले? बाळाला जुलाब झाले तेव्हा आईने काय केले? बापासाठी बहुतेक वेळा एकच रकाना असतो, त्याच्या धंद्याचा. तो मजुरी घरात देतो का, हात उगारतो का, रात्री रडणारे मूल उचलून घेतो का, हे विचारायला कागदावर जागा नसते. गेली दहा-बारा वर्षे मी वस्त्यांमध्ये काम करते आहे आणि अशा काही पाहण्यांसाठी संशोधकांबरोबर घरोघर फिरले आहे. हे त्या अनुभवावरून लिहिते आहे.

संशोधनाला माझा विरोध नाही. उलट, डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला नसता तर आपल्या कित्येक शिबिरांत बोलायला पुरावाच नसता. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, त्यातल्या ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तोवर सरकारी दप्तरात खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे माता-बाल आरोग्य, म्हणजे पोटात मूल असेपर्यंत आणि ते अंगावर पीत असेपर्यंतचे. त्या अभ्यासाने बाईला बाई म्हणून तपासले. प्रश्न कोणाबद्दल विचारला, यावर उत्तर कोणाच्या उपयोगी पडणार ते ठरते.

एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात आम्हाला जॉन बोल्बी शिकवला गेला. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी १९५१ साली अहवाल लिहिला. त्यातली मुले घराला पारखी झालेली, संस्थांत वाढणारी, आईपासून दीर्घकाळ तुटलेली होती. पण तो सिद्धांत वापरला गेला आठ तास कामावर जाणाऱ्या बाईविरुद्ध. पुढे ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात स्वमग्न मुलांच्या दुखण्याचे खापर आईच्या थंडपणावर फोडले. अशा आयांना 'रेफ्रिजरेटर मदर' म्हटले गेले. शास्त्राने हे मत नंतर टाकून दिले. मधल्या वर्षांत ज्या आयांनी हा बोल सोसला, त्यांची मोजदाद कोण करणार?

आपल्याकडे हा बोल शास्त्राच्या भाषेत येत नाही, तो केसपेपरवर येतो. एका सरकारी रुग्णालयाच्या बालविभागात मी एका बिगारी काम करणाऱ्या बाईबरोबर गेले होते. दहा महिन्यांचे मूल सुकलेले. दिवसभर त्याला सात वर्षांची बहीण सांभाळायची. डॉक्टरांनी कागदावर 'आईचे दुर्लक्ष' असे लिहिले आणि वर विचारले, "सांभाळता येत नाही तर जन्माला कशाला घालतेस?" मुलाचा बाप फाटकाबाहेर चहा पीत उभा होता. त्याला आत बोलावण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

आता जरा अलीकडच्या, चांगल्या संशोधनाकडे वळते, कारण खरा वाद तिथेच आहे.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. एका जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० गरोदर बायकांपासून सुरुवात केली. बाळंत होऊन सहा ते आठ आठवडे झाले तेव्हा २३ टक्के बायकांना नैराश्य होते. त्यातल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. ह्यामागे काय आढळले? पैशाची ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध. झालेले बाळ मुलगी आहे की मुलगा, यानेही फरक पडत होता, इतका की मारहाण आणि उपासमार यांचा परिणामही त्यानुसार बदलत होता. मैत्रिणींनो, हे आपण सासुरवाशिणींच्या तोंडून कितीदा ऐकले आहे! इथे ते आकड्यांत मांडले गेले, म्हणून त्याचे मोल आहे. ह्याच गटाने २००३ साली दाखवले की, आईला नैराश्य असेल तर सहा महिन्यांच्या बाळाचे वजन कमी भरण्याची शक्यता वाढते.

ही दोन टिपणे हातात आल्यावर धोरण आखणाऱ्यांनी कोणते वाक्य उचलावे? 'बाई उपाशी आहे आणि मार खाते आहे' हे, की 'आई उदास असेल तर बाळ वाढत नाही' हे? दुसरेच उचलले जाते. बाईचे दुःख दखलपात्र ठरते, पण बाळाच्या काट्यावर उमटले तरच.

पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. अतिफ रहमान यांनी केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेल्या सुमारे नऊशे गरोदर बायका त्यात होत्या. तिथल्या 'लेडी हेल्थ वर्कर' बायकांना बोलण्याची, ऐकण्याची, विचारांची गाठ सोडवण्याची रीत शिकवली. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळ दहा महिन्यांचे होईपर्यंत सोळा भेटी. दुसऱ्या गटालाही तेवढ्याच भेटी, पण हे शिक्षण न घेतलेल्या कार्यकर्तींच्या. सहा महिन्यांनी पहिल्या गटात २३ टक्के बायकांना नैराश्य उरले, दुसऱ्यात ५३ टक्के. औषधाची गोळी नाही, डॉक्टर नाही, गावातल्याच बाईने दिलेला आधार! बाळांचे जुलाब कमी झाले, लसीकरण वाढले, आणि बापही मुलांशी अधिक खेळू लागले.

तरीही ह्या प्रयोगाचे मुख्य मोजमाप होते बाळाचे वजन आणि उंची. त्यात फरक पडला नाही. आईचे नैराश्य दुय्यम मोजमापात होते. म्हणजे कागदोपत्री मुख्य प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले, आणि शेकडो बायका अंधारातून बाहेर आल्या ही गोष्ट दुसऱ्या ओळीत गेली.

यावर सांगितले जाते की, घरच्यांना 'सुनेच्या मनावर उपचार' म्हटले तर ते दारातूनच परतवतील, 'बाळासाठी' म्हटले की सासू पाट मांडते. खरे आहे. दारात उभे राहून आपणही असेच बोलतो. पण दार उघडण्यासाठी सांगितलेली गोष्ट आतल्या कामाचे उद्दिष्ट होऊन बसली, तर पुढच्या वेळी पैसे देणारा विचारील: वजन वाढत नसेल तर ह्या बायकांशी बोलायचे कशाला?

आणि वजन-उंची का वाढली नाही, यातच त्या प्रयोगाचा आपल्याला उपयोग आहे. आईचे मन सावरले म्हणून डब्यात पीठ येत नाही, नळाला चांगले पाणी येत नाही, गरोदरपणातला उपवास भरून निघत नाही. 'आईला शिकवा, मूल सुधारेल' ह्या सोप्या भाबडेपणाला ह्याच आकड्यांनी उत्तर दिले आहे. सरकारला मात्र आईला शिकवणे परवडते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा बाईला किमान ६,००० रुपये कबूल केले. प्रत्यक्ष योजनेत पहिल्या मुलाला ५,००० आणि २०२२ पासून दुसरे मूल मुलगी असेल तरच ६,००० मिळतात. तिसऱ्या खेपेची बाई उपाशी नसते काय? २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे झाले. आमची धुणीभांडीवाली, बिगारी, ऊसतोड करणारी बाई त्यात कुठेच बसत नाही. आणि हे शिकवणार कोण? आशाताई. २०१८ साली बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंतच्या गृहभेटी तिच्यावर टाकल्या, तेव्हा एका भेटीला ५० रुपये ठरले. ती स्वयंसेविका, म्हणून पगार नाही. तिच्या मनाचा अभ्यास करायला अजून कोणी आमच्याकडे आले नाही.

तेव्हा आपल्या वस्तीत पुढच्या वेळी फॉर्म आणि वजनकाटा घेऊन कोणी आले, तर महिला मंडळाने सही देण्याआधी फॉर्म मोठ्याने वाचायला सांगावा. बापाचे रकाने किती आहेत ते मोजावे. मारहाणीचा प्रश्न असेल तर तो नवऱ्यादेखत विचारणार का, आणि बाई 'हो' म्हणाली तर त्याच दिवशी तिला कोणता आधार देणार, हे लेखी मागावे. एखादीला नैराश्य आढळले तर उपचार कुठे, जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा? बाई बरी झाली, हा निष्कर्ष पहिल्या पानावर येणार की परिशिष्टात? आणि निष्कर्ष मराठीत, मंडळाच्या बैठकीत येऊन सांगणार का? आमच्या तालुक्यात दोन गटांना आम्ही हे विचारले. एक गट फॉर्म बदलून परत आला. दुसरा शेजारच्या वस्तीत गेला, म्हणून आता तिथल्या मंडळाशी बोलणे सुरू केले आहे.