पाणी घेतले, आता माणसांची बाजू घ्या!



सांगोल्याच्या शिवारात टेंभू योजनेचे पाणी येते. मंगळवेढ्याच्या कोरड्या गावांना म्हैसाळ योजनेचे पाणी येते. दोन्ही योजना कृष्णेतून पाणी उचलतात आणि उन्हाळ्यात कृष्णा वाहती राहते ती मुख्यतः कोयना धरणातून सोडलेल्या पाण्यावर. त्या धरणाची साठवण १०५ टीएमसी. हे पाणी ज्या दरीत साठते, त्या दरीतल्या माणसांसाठी आम्ही हे पत्रक काढले आहे. ते सोलापुरात का वाटतो, याचे उत्तर आपल्या पाटात वाहते आहे.

सोलापूरला वर्षभरात साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. कोयनेच्या काठावर नवजा येथे पाच हजारांच्या पुढे जातो. त्या पावसावर वाढलेले सदाहरित आणि निमसदाहरित जंगल आज जागतिक वारसा आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाच्या वारसास्थळांच्या यादीत कोयनेचे नाव घातले. ते जंगल पाहून आलेले लोक धुके आणि धबधबे यांचे फोटो दाखवतात. तिथे राहणाऱ्या माणसाला त्याच पावसात मृगाच्या आधी चार महिन्यांचे धान्य, मीठ, सरपण घरात भरून ठेवावे लागते. उतारावर नाचणी आणि वरी, सखल तुकड्यात भात, आणि पीक हाताशी आले की रानडुक्कर, गवे. रात्रभर माळ्यावर बसून राखण करायची आणि सकाळी अर्धे शेत तुडवलेले पाहायचे. घरात म्हातारी माणसे आणि बायका. कर्ते पुरुष मुंबईत. सातारा जिल्ह्यातल्या जावळी-पाटणच्या कितीतरी घरांची चूल मुंबईच्या बाजारांत पाठीवर ओझी वाहून पेटली आहे. माथाडी कामगारांची संघटना उभारणारे अण्णासाहेब पाटील याच पाटण तालुक्याचे.

आणि दुखणे आले तर? बांबूला घोंगडीची झोळी बांधायची, दोघांनी पुढे, दोघांनी मागे खांदा द्यायचा, निसरड्या पायवाटेने, जळवा झटकत पाण्यापर्यंत उतरायचे. तिथे होडी असली तर पुढचा प्रवास. बाळंतपणाच्या कळा होडीची वाट पाहत थांबत नाहीत.

जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली शाळेसाठी स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडत होत्या आणि पलीकडे उतरून जंगलातून चालत होत्या. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बातमी वाचून स्वतःहून दखल घेतली, तेव्हा राज्याला त्या मुली दिसल्या. धरण तोपर्यंत जवळजवळ साठ वर्षे भरत आणि रिकामे होत आले होते.

काही सुशिक्षित माणसे म्हणतात, इतके हाल आहेत तर हे लोक जंगलात राहतात कशाला, खाली या म्हणावे. आम्ही त्यांना नम्रपणे पण ठामपणे सांगतो, हे लोक खालीच होते. नदीकाठची सपाट, काळी, पिकाऊ जमीन त्यांची होती. ती कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेली. काही कुटुंबे ठाणे, रायगड, सांगली आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यात वसवली गेली. बाकीची पाण्याच्या वर, डोंगरउताराला सरकली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयना परिसरातली घरे पुन्हा पाडली. १९८५ मध्ये अभयारण्य झाले. २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. पाण्याने खालून ढकलले आणि नियमाने वरून दाबले, त्या मधल्या पट्टीत ही गावे उभी आहेत. कोयना प्रकल्पाची एकूण वीजक्षमता १९६० मेगावॅट आहे. राज्याच्या गिरण्या, कारखाने, शहरे त्या विजेवर उभी राहिली. धरणाच्या काठच्या वाड्यांना मात्र खांब आणि तारांसाठी पिढी खर्ची घालावी लागली.

जंगल आहे म्हणून सोय करता येत नाही, हे सरकारी उत्तर आता पुरे झाले. वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज आणि दूरध्वनीच्या तारा, पिण्याचे पाणी, रस्ता अशा १३ सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद आहे. अट दोनच : हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. कायद्याच्या व्याख्येत वनजमीन म्हणजे अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानही आले. वाघाला आमचा विरोध नाही. ज्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हे जंगल राखले, त्यांच्याच वाडीला दवाखाना नाकारून वाघ वाचत नसतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

रस्ते, पूल आता होत आहेत, हे खरे. तापोळा ते अहीर पुलाचे काम हाती घेतले गेले आणि त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण त्याच वेळी नवीन महाबळेश्वर या गिरिस्थान प्रकल्पासाठी २३५ गावांचा आराखडा मांडला गेला, आणि २०२४ साली कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणीची शेकडो एकर जमीन बाहेरच्या खरेदीदारांकडे गेल्याचे प्रकरण गाजले. साठ वर्षे माणसांसाठी न आलेला रस्ता रिसॉर्टसाठी येणार असेल, तर तो पोहोचेपर्यंत गावात गावकरी उरणार नाहीत. म्हणून आमची पहिली मागणी आहे की वनहक्काचे दावे आधी निकाली काढा, सातबारा आणि सामूहिक हक्क आधी गावाच्या नावे करा, पर्यटनाचे नकाशे नंतर.

सोलापूरकरांना होडीचे दुःख नवे नाही. २१ मे २०२४ ला करमाळा तालुक्यातल्या कुगाव आणि इंदापूरच्या कळाशी यांच्या मध्ये भीमेवरच्या उजनी धरणाच्या पाण्यात बोट उलटली आणि सहा जण बुडाले. उजनीनेही गावे बुडवली आणि काठावरच्या माणसाला पाणी ओलांडत ठेवले. भीमेकाठी जे घडले तेच कोयनेकाठी वर्षानुवर्षे घडते आहे. तिथे भर आषाढात, धुक्यात, जंगलाच्या कडेने. दोन्हीकडे मागणी एकच हवी : प्रशिक्षित चालक, प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट, आणि रात्री-अपरात्री हाकेला येणारी वैद्यकीय बोट.

दुष्काळग्रस्त आणि धरणग्रस्त या दोन टोकांच्या माणसांनी एकत्र येणे ही आमची नवी कल्पना नाही. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर यांनी आटपाडीला १९९३ पासून पाणी परिषदा भरवल्या. सांगोल्यासह १३ दुष्काळी तालुके तिथे बसले. दुष्काळग्रस्ताला समन्यायी पाणी आणि धरणग्रस्ताला जमीन, ही एकच लढाई आहे, हे त्या चळवळीने शिकवले. त्यातले पाणी आपल्यापर्यंत बरेच पोहोचले. धरणग्रस्तांची जमीन अजून बाकी आहे. २०१८ मध्येही ते कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. त्या ठिय्यात आपल्या जिल्ह्यातून किती गाड्या गेल्या, हे प्रत्येक तालुक्याने स्वतःला विचारावे.

सांगोला आणि मंगळवेढा तालुक्यांतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला आमची विनंती आहे. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या : कोयना धरणग्रस्तांचे राहिलेले पुनर्वसन पूर्ण करा, वनहक्क कायद्याच्या १३ सोयी जलाशयापलीकडच्या प्रत्येक वाडीला द्या, बोटींची सुरक्षित सोय करा. ठरावाची एक प्रत साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना, एक मदत व पुनर्वसन मंत्र्यांना आणि एक आपल्या आमदारांना पाठवा. पोहोच घ्यायला विसरू नका.