शहापूर नावाचे स्टेशन

गेल्या दिवाळीत आमचे मामा फराळाला यायचे होते. वयाने सत्तरी ओलांडलेली, पण उत्साह विशीतला. दादरच्या खिडकीशी उभे राहून त्यांनी ऐटीत शहापूरचे तिकीट मागितले. "असे स्टेशनच नाही," असे आतून उत्तर आले. मामा खवळले. तिथूनच मला फोन, "अरे, तू राहतोस तरी कुठे? तुझे गाव रेल्वेला ठाऊक नाही!"

मामांचे काही चुकले नव्हते. तालुक्याचे गाव शहापूर, पण गाडी थांबते ती आसनगावला. मधले तीनेक किलोमीटर रिक्षाने कापायचे. शेजारच्या मुरबाडला तर तेवढेही भाग्य नाही. तिथे रूळच पोचलेले नाहीत. कल्याण-मुरबाड रेल्वेची बोलणी ऐकता ऐकता तिथली किती पोरे बोहल्यावर चढून मोकळी झाली! तेव्हा स्टेशन आपल्या नावाचे नसले तरी आहे, यातच आम्ही समाधान मानतो.

मामा आले, चकली मोडली आणि स्टेशनाची उलटतपासणी सुरू झाली. मीही पडलो मास्तर. कोणी विचारले की सांगत सुटायचे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे शाळकरी पोरालाही पाठ असते. पुढचे कोणी सांगत नाही. १ मे १८५४ ला गाडी कल्याणला आली, १ ऑक्टोबर १८५५ ला वासिंदला. वासिंद ते आसनगाव हे अंतर आज एका स्टेशनाचे. पण ते ओलांडायला ६ फेब्रुवारी १८६० उजाडला. मग १ जानेवारी १८६१ ला कसारा. म्हणजे जवळजवळ अकरा महिने आमचे आसनगाव हे या रुळांचे शेवटचे टोक होते! पुढे थळघाट. सदतीस फुटांमागे एक फूट असा तो चढ. तो चढून इगतपुरी गाठेपर्यंत १८६५ साल लागले. आजही कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडून तिला घाटावर ढकलतात. लोकल मात्र घाटाच्या पायथ्याशीच हात टेकते.

"म्हणजे तुमचे स्टेशन माझ्याहून म्हातारे," मामा म्हणाले, "आणि अजून रोज कामावर जाते!"

कामावर जाते खरे. मुंबईहून सुमारे पंच्याऐंशी किलोमीटर. कल्याणपर्यंत गाड्यांची रीघ असते. तिथे एक फाटा कर्जतकडे जातो, एक आमच्याकडे, आणि मग गाड्या मोजून मिळतात. त्याच रुळांवरून लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्याही धावायच्या. एक लोकल हुकली की फलाटावर बसून माहुलीचा किल्ला न्याहाळावा. तिसऱ्या मार्गिकेची वाट पाहण्यात आमची बरीच वर्षे गेली.

एवढ्यात सौभाग्यवतींनी पोह्यांचा चिवडा आणला. मामांनी घास घेतला आणि विचारले, "हे पोहे कुठले गं? वाण्याकडचे नव्हेत."

त्या पोह्यांची गोष्ट मला जरा जड गेली, पण सांगितली.

कल्याणकडच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. पहिला तास माझा. किन्हवलीकडून येणारी एक मुलगी रोज अर्ध्या तासावर दार लोटून आत येई. वर्ग हसे, मीही एखादा टोमणा मारी आणि हजेरीपटावर गैरहजेरीची खूण करी. पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही, हा नियम मी तिला दोनदा ऐकवला होता. ती मान खाली घाले. उलट उत्तर कधी नाही.

श्रावणातल्या एका सकाळी माझीच गाडी हुकली. फलाटावर पाहतो तर ती मुलगी, शेजारी तिचे वडील. मला पाहून ते उठून उभे राहिले.

"सर, आमची पहिली यष्टी इथं पोचते तवा गाडी समोरून निघून जाते. रोज शेवटचा डबा दिसतो बघा. पोरगी म्हणते, तास बुडतो. म्हणून म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघावं."

मुलगी म्हणाली, "सर, पुढची गाडी मिळते. तिने येते मी."

बस्स. पुढे काय बोलणार? त्या दिवशी मीही उशिरा पोचलो. मला कोणी टोमणा मारला नाही.

प्राचार्यांना भेटून माझा तास मी तिसरा करून घेतला. इतकी सोपी गोष्ट होती ती! मुलीची हजेरी भरली, ती परीक्षेला बसली. दिवाळीच्या आधी तिचे वडील नव्या भाताच्या पोह्यांची पिशवी घेऊन दारात आले. घेऊ नये असे मनात आले, पण माणूस दहा कोस चालून आल्यासारखा थकलेला. पिशवी रिकामी परत पाठवायची नसते. हिने ती लाडू-करंज्यांनी भरून दिली.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुमच्याच तालुक्यातल्या तानसाचे पाणी मुंबई १८९२ पासून पिते. मग भातसा आली. पाणी कसे रात्रंदिवस वाहत येते! आणि पोरीला मात्र एक गाडी वेळेवर गाठता येत नाही."

मी मान डोलावली. पण मनात निराळेच घोळत होते. आदल्या वर्षी हजेरीअभावी दोन नावे पटावरून गळाली होती. तीही अशाच खेड्यांतली. ती मुले कोणत्या गाडीने येतात, हे मी कधी विचारलेच नव्हते.

भाऊबीजेनंतर मामांना पोचवायला आसनगावला गेलो. खिडकीशी त्यांनी दादरचे तिकीट मागितले. गाडी हलली तसे दारातून ओरडले, "पुढच्या खेपेला बरोबर नाव सांगेन रे!"