हरवलेली मुले आणि एक गाणे

मागच्या महिन्यात बहिणीकडे चार दिवस राहून आले. भाचा यंदा बारावीला आहे. ‘जेवण झाले की दार लावून बसतो. अभ्यास करतो की गाणी ऐकतो, देव जाणे!’ ही बहिणीची तक्रार. एका रात्री मीच त्याचे दार ठोठावले. आत एक संथ, उदास इंग्रजी गाणे चालू होते.

‘कसले रे हे रडके गाणे?’ मी विचारले.

‘मावशी, नुसते ऐकू नकोस, बघ,’ असे म्हणून त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

मी पाहू लागले. गाणाऱ्या तरुणाचा चेहरा दिसत होता. मधेच एका मुलीचा फोटो आला. खाली तिचे नाव आणि ती कोणत्या वर्षापासून बेपत्ता आहे ते लिहिलेले होते. मग एक मुलगा, मग आणखी एक मुलगी. हे फोटो नटनट्यांचे नव्हते. ती खरोखरच हरवलेली मुले होती.

‘रनअवे ट्रेन’ हे त्या गाण्याचे नाव. ते गाणाऱ्या ‘सोल असायलम’ या बँडमधले तरुण अमेरिकेतील मिनियापोलिस शहरातले. बड्या बाजारी संगीतापासून फटकून राहणाऱ्या बँडच्या संगीताला ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणत. हा बँडही त्यातलाच. दहाएक वर्षे छोट्या क्लबांमध्ये वाजवूनही त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. १९९२ साली त्यांचा ‘ग्रेव्ह डान्सर्स युनियन’ हा अल्बम आला. त्यातले हे गाणे १९९३ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोहोचले. पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट रॉक गीताचे ग्रॅमी पारितोषिकही मिळाले.

गंमत अशी, की गाणे मुळात हरवलेल्या मुलांवर नाहीच. गायक डेव्ह पर्नर याने ते स्वतःला ग्रासणाऱ्या नैराश्यावर लिहिले होते. मन ताब्यात राहत नाही, ब्रेक निकामी झालेल्या गाडीसारखे ते धावत सुटते, हा त्यातला भाव. पण ‘रनअवे’ शब्दाला दुसराही अर्थ आहे, घरातून पळून गेलेला. व्हिडिओचा दिग्दर्शक टोनी के याने तोच अर्थ उचलला.

हरवलेल्या मुलांचे फोटो छापण्याची पद्धत अमेरिकेत आधीपासून होती. १९८४ च्या सुमारास ते दुधाच्या खोक्यांवर येऊ लागले. सकाळी न्याहारीच्या टेबलावर दूध ओतताना घराघरांतून ते चेहरे दिसत. पण घर सोडून भटकणाऱ्या मुलांपुढे ते खोके कुठून येणार? गाण्यांचा चॅनेल मात्र तीही पाहत असत. म्हणूनच व्हिडिओच्या शेवटी पर्नर आवाहन करतो, की यांपैकी कोणी तुम्हाला दिसले असेल, किंवा तुम्हीच त्यांच्यापैकी एक असाल, तर या नंबरवर फोन करा. या आवाहनातला दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. तो थेट त्या मुलांशीच बोलतो.

मुले सापडत गेली तसे व्हिडिओतले फोटो बदलत गेले. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियासाठी तिथल्या मुलांचे फोटो घातले गेले. एकूण सव्वीस मुले सापडली, असे दिग्दर्शकाने नंतर सांगितले. सगळ्यांच्याच नशिबी घर नव्हते. ब्रिटनमधल्या व्हिडिओतल्या दोन मुली १९९१ साली हरवल्या होत्या. सोळा वर्षांनी, २००७ मध्ये, एका घराच्या बागेत त्यांचे अवशेष मिळाले.

आणखी एक गोष्ट मनात घर करून राहते. बँडचा गिटारवादक डॅन मर्फी याने ती सांगितली आहे. दौऱ्यावर असताना त्यांना एक मुलगी भेटली. तिने स्वतःचा फोटो या व्हिडिओत पाहिला होता. त्यामुळे तिला घरी परत जावे लागले. आणि ते घर कसे होते? जिथून जीव घेऊन पळावे असे! ‘तुम्ही माझ्या आयुष्याचे वाटोळे केले,’ असे ती हसत हसत म्हणाली. त्या हसण्यामागे काय असेल, हे आईच्या काळजाने ऐकावे.

मूल सापडले की आपण सुटकेचा श्वास सोडतो. पण ते गेले का होते, हे किती जण विचारतात? मार, रोजची भांडणे, निकालाची धास्ती, कधी तोंडाने सांगता न येणारा घरातल्याच कुणाचा त्रास, अशा कितीतरी कारणांनी मुले उंबरठा ओलांडतात. आपल्याकडेही अशी मुले रेल्वे स्टेशनांवर उतरत असतात. त्यांच्यासाठी १९९६ साली मुंबईत १०९८ ही मोफत फोनसेवा सुरू झाली आणि पुढे ती देशभर पोहोचली. सापडलेल्या मुलाला आपल्या कायद्याप्रमाणे बालकल्याण समितीपुढे नेतात. त्याला घरी पाठवणे त्याच्या हिताचे आहे का, याची चौकशी समितीने करायची असते. एकटे, भेदरलेले मूल दिसले तर १०९८ फिरवा. आपल्या मुलांनाही हा नंबर पाठ असू द्या.

गाणे संपले. ‘तुला हे का आवडते रे?’ मी विचारले. भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग पुस्तक मिटून हळूहळू बोलू लागला. परीक्षेची भीती, न जमणारे गणित, बाबांची अपेक्षा. रात्रीचा एक कधी वाजला कळलेच नाही.

सकाळी मी बहिणीला एवढेच म्हटले, ‘आज त्याचे दार तू ठोठाव. आणि आत गेल्यावर अभ्यास किती झाला, हे मात्र विचारू नकोस.’