आडव्या रेघांचे थोतांड

संगणकावर चित्र काढावे, ते मन लावून रंगवावे, आणि सगळे झाल्यावर त्यावर आडव्या काळ्या रेघांची चाळण घालून, कडांना तांबडी-निळी झाक देऊन, ते जुन्या टीव्हीच्या पडद्यावरचे आहे असे भासवावे, ही रीत आपल्याकडे आता इतकी रुळली आहे की पुस्तकांची वेष्टने आणि नाटकांच्या जाहिरातीही तिच्या तावडीतून सुटलेल्या नाहीत. या रीतीविरुद्ध चार शब्द लिहावेत असे फार दिवस मनात होते. कलावंत मंडळींनी राग मानू नये; आणि मानलाच तर माझा इलाज नाही.

कृती सोपी आहे. दोन ठिपके उंचीचा तुकडा घ्यायचा, वरचा ठिपका काळा, खालचा मोकळा. तो चित्रभर पसरायचा आणि काळेपणा थोडा उतरवायचा. झाले! माझ्या वर्गातल्या कोणत्याही पोराला हे पाच मिनिटांत जमते. माझा आक्षेप सोपेपणाला नाही. रांगोळीचा छापही सोपाच असतो. आक्षेप असा की, हे टीव्हीचे चित्र नव्हेच.

पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतल्या लेपावर रेघेमागून रेघ ओढीत जाई. आपल्या पद्धतीत अशा ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रे. प्रत्येक चित्र दोन फेऱ्यांत, आधी एकाआड एक रेघा, मग त्यांच्या मधल्या. एका फेरीने सोडलेली जागा दुसरी भरून काढी. चार हातांवर बसलेल्याला काळ्या रेघा सहसा जाणवत नसत. ठळक फटी दिसत त्या जुन्या व्हिडिओ गेममध्ये, कारण ती यंत्रे दोन्ही फेऱ्या एकाच जागी ओढीत. आणि तेथेही रेघ सर्वत्र सारखी नसे! उजेड अधिक तेथे झोत फुगे, रेघ जाड होऊन फट मिटत येई. अंधारात रेघ बारीक, फट रुंद. आमचा फिल्टर मात्र पांढऱ्या सदऱ्यावर आणि काळ्या केसांवर एकाच मापाची रेघ ओढतो. शाळेतल्या फूटपट्टीला यापेक्षा अधिक अक्कल असते.

माझ्या एका कादंबरीला असेच वेष्टन मिळाले. कादंबरी १९७२च्या दुष्काळाची. खडी फोडणारी बाई, तिच्या चेहऱ्यावर रेघा, पदराला तांबड्या-निळ्या कडा. प्रकाशकांना विचारले तर म्हणाले, ‘‘सर, त्या काळाचा फील येतो.’’ कोणत्या काळाचा? मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ला, आणि दूरदर्शनवर रंग आले १९८२ साली. तोवर सारे काळेपांढरे. काळ्यापांढऱ्या ट्यूबमध्ये झोत एकच. त्याला रंगीत कडा फुटणार कोठून? तीन रंगांचे तीन झोत नीट जुळले नाहीत म्हणजे त्या फुटतात. आणि माझी बाई माणदेशातली. मुंबईची लहर तिथवर पोचतच नव्हती.

पण तारखांच्या चुकीपेक्षा मला डाचते ते निराळेच. दुःखावर असा जुनेपणा चढवला की त्याची धग लागत नाही. पाहणारा म्हणतो, ‘होते बुवा एके काळी!’ आणि पान उलटतो. २०१२-१३ साली त्याच मुलखात गुरांच्या छावण्या पडल्या होत्या. ती गुरे काही रेघांच्या पडद्याआड उभी नव्हती.

बरे, आठवणच जागवायची, तर ती तरी आपली असावी! आमच्या लहानपणी आळीत जो एक संच होता त्याला लाकडी सरकती दारे आणि पडद्यापुढे निळी काच. वारा सुटला की कोणीतरी कौलांवर चढून अँटेना फिरवी आणि खालून आम्ही ओरडत असू, ‘‘मुंग्या, मुंग्या! अजून डावीकडे!’’ आमच्या डोळ्यांत राहिल्या आहेत त्या मुंग्या, माणसाच्या मागे उभी त्याचीच पुसट सावली, आणि ऐन रामायणाच्या वेळी वरून खाली गडगडत जाणारे चित्र. यांतले काहीही मला एकाही वेष्टनावर दिसलेले नाही. दिसतात त्या कोणा परक्या मुलाच्या गेममधल्या रेघा.

कोणी म्हणेल, कलेत एवढा हिशेब कशाला? नाम जून पाईक या कोरियन कलावंताने १९६५ साली टीव्ही संचाच्या डोक्यावर लोहचुंबक ठेवले आणि झोतालाच वाकविले. पडद्यावरची आकृती पिळवटून गेली. ती विकृती खरी होती, कारण ट्यूबलाच ती भोगावी लागली. आमच्या मंडळींना टीव्हीचा एवढा लळा असेल तर त्यांनी भंगारवाल्याकडून एक जुना संच आणावा. आपले चित्र त्यात सोडावे, खोलीत अंधार करावा, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतका उघडा ठेवावा, म्हणजे दोन्ही फेऱ्या त्यात सापडतील. आणि जे उमटेल ते छापावे.