मेजर, रात्री झोप लागते का?

आमच्या भागात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला ‘मेजर’ म्हणतात. शिपाई म्हणून रिटायर झालेला असो की सुभेदार म्हणून, गावात तो मेजरच. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या कुठल्याही डॉक्टरच्या ओपीडीत हे मेजर नेहमी दिसतात. तक्रारी ठरलेल्या: ॲसिडिटी, डोकेदुखी, बीपी. आणि उठून दाराशी गेल्यावर हळूच, “डॉक्टर, झोपेचं पण काहीतरी लिहून द्या.”

असाच एक पेशंट. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय 38, नोकरी 17 वर्षं, त्यातली काही काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्सला. मी त्याला तीन वेळा पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या. चौथ्यांदा बायको सोबत आली. तो बाहेर वजन करायला गेला तेव्हा ती म्हणाली, “हे रात्री उठून दाराच्या कड्या तीन-तीनदा बघतात. जत्रेत येत नाहीत. फटाका वाजला की पोरांवर धावून जातात. एकदा झोपेत माझा गळा धरला होता. सकाळी त्यांना काही आठवत नव्हतं.”

तिन्ही वेळा मी त्याच्या पोटाची चौकशी केली होती. झोपेबद्दल एकदाही नीट विचारलं नव्हतं.

त्याला होता तो आजार म्हणजे पीटीएसडी, जिवावर बेतलेल्या प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक आजार. तो कसा होतो ते साध्या शब्दांत सांगतो. धोका दिसला की मेंदू अलार्म वाजवतो. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, कान टवकारले जातात. चौकीवर असताना हाच अलार्म जवानाचा जीव वाचवतो. काही जणांमध्ये मात्र घरी आल्यावरही तो बंद होत नाही. तोच प्रसंग स्वप्नात आणि जागेपणी पुन्हा पुन्हा दिसतो, त्याची आठवण देणाऱ्या जागा आणि माणसं टाळली जातात, जवळच्यांबद्दलही काही वाटेनासं होतं, चिडचिड वाढते. हे महिन्याहून जास्त चाललं आणि रोजच्या जगण्यात अडथळा येऊ लागला, तर तो आजार समजावा. कधी कधी सुरुवात सहा महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा होते. त्यामुळे रिटायर झाल्यावर पहिलं वर्ष बरं गेलं म्हणून निश्चिंत राहू नये. सगळ्यांनाच हा आजार होतो असंही नाही. बहुतेक जवान काही आठवड्यांत आपोआप सावरतात.

“फौजी माणूस आणि मनानं खचला?” हे वाक्य मी सुशिक्षित लोकांच्याही तोंडून ऐकलंय. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 1915 मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. त्याच युद्धात भित्रेपणा किंवा पलायनाचा ठपका ठेवून ब्रिटिश सैन्यानं स्वतःच्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. अशा 306 जणांना ब्रिटिश सरकारनं 2006 मध्ये मरणोत्तर माफी दिली. त्यातले काही जण आजारी होते हे मान्य व्हायला नव्वद वर्षं गेली.

आपल्याकडे जवान गप्प राहतो त्याला बदनामीखेरीज आणखी एक कारण आहे: मेडिकल कॅटेगरी. सैन्यात तब्येतीचं मोजमाप ‘शेप’ पद्धतीनं होतं, आणि त्यातलं पहिलंच अक्षर मानसिक स्थितीचं. कॅटेगरी खाली आली की बढती, पोस्टिंग, कोर्स, सगळ्यावर परिणाम होऊ शकतो. हातात शस्त्र देताना माणूस ठीक आहे ना हे बघायलाच हवं, यात दुमत नाही. पण “मला झोप येत नाही” एवढं सांगितल्यानंही नोकरीला धक्का लागेल असं जवानाला वाटत असेल, तर तो सांगणार नाही. मग आजार लहान असताना सापडण्याची संधी जाते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की सुरुवातीचा सल्ला आणि कॅटेगरी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका नसेल, तर समुपदेशकाशी झालेलं बोलणं युनिटच्या कागदावर जाऊ नये. आणि सेवेतून बाहेर पडताना मेडिकल बोर्ड होतं, तशीच मनाची तपासणी सहा महिन्यांनी आणि वर्षानं पुन्हा व्हावी. पस्तिशी-चाळिशीत वर्दी उतरते, सोबती पांगतात, नवी नोकरी शोधायची असते. माझ्या अनुभवात काही जणांना हा काळ चौकीपेक्षा जड जातो.

तैनातीवर असतानाचा ताणही फक्त गोळीबाराचा नसतो. पूर्वी घरचं भांडण पत्रातून पंधरा दिवसांनी कळायचं, तोवर ते मिटलेलंही असायचं. आता बांधावरून भावकीत झालेली मारामारी त्याच संध्याकाळी फोनवर पोचते, आणि तिकडे बसून त्याला काहीच करता येत नाही. तहसील कार्यालयात फौजीचं काम लवकर झालं, तर तोही त्याच्या मनावरचा उपचारच आहे असं मी मानतो.

आता घरच्यांसाठी. “तिकडे काय झालं ते सांग” म्हणून खोदून विचारू नका. बळजबरीनं बोलतं केल्यानं हा आजार टळत नाही, उलट काहींचा त्रास वाढतो. तो आपणहून बोलला तर ऐका. झोपेत ओरडत असेल तर अंगाला हात लावून हलवू नका, थोडं लांब उभं राहून नावानं हाक मारा.

दारूबद्दल दोन गोष्टी. झोप यावी म्हणून घेतलेली दारू झोप आणखी बिघडवते. आणि जो अनेक महिने रोज भरपूर पितो त्यानं घरच्या घरी एकदम सोडू नये, फिट किंवा भ्रम होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी पीटीएसडी बरा होत नाही, सवय मात्र लागते.

बरेच माजी सैनिक बँकेत किंवा कॅश व्हॅनवर बंदूक घेऊन सुरक्षारक्षकाचं काम करतात. “जगून काय उपयोग” अशी भाषा सुरू झाली, तर त्याला एकटं सोडू नका आणि आधी बंदूक आणि काडतुसं त्याच्या हाताशी राहणार नाहीत असं बघा. मग त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा वेळी “आत्महत्येचा विचार येतो का?” असं थेट विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट अनेकांना मोकळं वाटतं.

उपचार आहेत. त्या आठवणीला थोडं थोडं सामोरं जायला शिकवणारी मानसोपचार पद्धत सर्वांत उपयोगी. त्याची साधारण 8 ते 16 सत्रं लागतात. सर्ट्रालिनसारख्या गोळ्याही मदत करतात, पण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. आठवड्यात बंद करून “काही फरक नाही” म्हणू नये. माजी सैनिकांना ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून पुढे पाठवता येतं. टेलि-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं. सैन्यदलातल्या लोकांसाठी तिचा खास कक्ष 1 डिसेंबर 2023 पासून पुण्याच्या एएफएमसीमध्ये आहे.

माझ्या त्या मेजरला सायकियाट्रिस्टकडे न्यायला दोन महिने लागले. “मी वेडा नाही” हे तो मला दर भेटीत ऐकवायचा. आता दीड वर्ष झालं. बंदुकीची ड्युटी सोडून तो एका शाळेच्या गेटवर आहे. कड्या अजूनही तपासतो, पण एकदाच. यंदा जत्रेत पोरांना घेऊन गेला आणि शोभेची दारू उडायच्या आधी परत आला.