घाटे भरल्यावर आलेला व्हायरस

चोपडा, शिरपूर, साक्री, तिन्हीकडच्या वाचकांची तक्रार एकच आहे: गेल्या रब्बीत घाटेअळीवरच्या एचएएनपीव्ही या व्हायरसच्या बाटल्या हाती पडल्या तेव्हा हरभऱ्याचे घाटे भरत आले होते. विचारले तर उत्तर ठरलेले, 'पुरवठा वरूनच उशिरा झाला.' मार्चअखेर निधी खर्ची पडला, सह्या झाल्या, अहवाल गेला. फवारणी अळीच्या कोणत्या अवस्थेत झाली हा रकानाच त्या अहवालात नाही, आणि सगळे नुकसान तिथेच आहे.

हा व्हायरस अंगावर पडून मारत नाही, पानाबरोबर पोटात जावा लागतो. मध्यांत्राच्या अल्कधर्मी रसात पॉलिहेड्रा (विषाणूंना कवचात ठेवणारे कण, म्हणजेच पीओबी) विरघळतात, विषाणू पेशींत शिरतात, आणि अळी मरायला पाच-सात दिवस जातात. पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतील अळी थोडक्या मात्रेत संपते. मोठ्या अळीला कित्येक पट मात्रा लागते आणि मरेपर्यंत ती घाटे पोखरतच राहते. मग गावभर होते, 'व्हायरस फेल गेला', आणि पुढच्या हंगामात तोच शेतकरी थेट इमामेक्टिन हे कीटकनाशक उचलतो. एका उशिरा आलेल्या खोक्याने पाच वर्षांचे प्रात्यक्षिक पुसले जाते.

आपल्यातले काही कृषी केंद्रचालकही बाटली दर्शनी कपाटात, उन्हात मांडतात. ऊन आणि उष्णता दोन्ही या व्हायरसला मारक आहेत, हे त्यांना अजून सांगावे लागते याचा संताप येतो.

यंदा वाट पाहू नका. पेरणीनंतर हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा, पतंगांची नोंद तारखेसह तालुका कृषी कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि पीओबीचे प्रमाण छापलेले नसेल तर बाटलीच्या पावतीवर सही करू नका. वावरात शेंड्याला उलट्या लटकलेल्या, काळवंडलेल्या अळ्या दिसल्या, बोट लावताच कातडी फाटून पांढुरका द्रव आला, तर त्या वेचा. मात्रा हेक्टरी 500 एलई (अळी-समतुल्य), म्हणजे एकरी 200. अंदाजे तितक्याच पूर्ण वाढलेल्या रोगट अळ्या पाण्यात ठेचून मलमलीतून गाळा, राणीपाल मिसळा आणि सूर्य कलल्यावर, अळी लहान असतानाच फवारा. बाटली कधी आली, अळी तेव्हा केवढी होती, एवढ्या दोन नोंदी आम्हाला कळवा. गावानुसार छापून त्या जिल्हा कार्यालयापुढे ठेवू.