बाराच्या जागी राजा

शोभेच्या घड्याळाचे दुखणे असे की ते एकदाच विकले जाते. म्हैसूरला गेलेला पर्यटक हस्तकलेच्या दुकानातून शिसवी लाकडात हत्ती, रथ किंवा गावाकडचा देखावा जडवलेले घड्याळ घेतो, घरी आणून खिळ्याला टांगतो आणि पुढे वर्षानुवर्षे त्यातला सेल तेवढा बदलत राहतो. ज्याने निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे नखाएवढे तुकडे कापून तो हत्ती उभा केला, त्या कारागिराचा त्या घराशी संबंध दुकानाच्या गल्ल्यावरच संपतो. दुसरीकडे ‘तुमच्या आवडीचे घड्याळ’ म्हणून बाजारात जे मिळते, त्यात आवड म्हणजे वाढदिवसाचा फोटो आणि तबकडी म्हणजे छापील कागद. तो फोटोही पुढे बदलता येत नाही. कंटाळा आला की अख्खे घड्याळ माळ्यावर जाते. या दोहोंच्या मधली वाट अजून कोणी नीट धरलेली दिसत नाही: चौकट कायमची, यंत्र साधे आणि तबकडी बदलती. असे घड्याळ घडवायचे तर ते म्हैसुरात घडावे आणि त्याची तबकडी गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांच्या, पानांची असावी, असे माझे म्हणणे आहे. त्यामागे सौंदर्यापेक्षा व्यवहाराचा विचार अधिक आहे. घड्याळ एकदाच खपते; तबकडी पुन्हा पुन्हा खपू शकते.

यंत्र एक आणि चेहरे अनेक, हा प्रकार त्या मुलखाला नवा नाही. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळुरात मनगटी घड्याळे बनवायला सुरुवात केली. ‘जनता’ आणि ‘पायलट’ ही त्यांची दोन गाजलेली नावे. आत चावीचे, सतरा खड्यांचे, जवळजवळ तेच यंत्र. वर तबकडी मात्र वेगळी. देवनागरी आकड्यांची ‘जनता’ आजही हौशी लोक जुन्या बाजारात हुडकत असतात, आणि ते यंत्रासाठी नव्हे, हे सांगायला नकोच. म्हैसूर शहरातले दोन मनोरेही हेच सांगतात. १८८६ मध्ये उभारलेला व्हाइसरॉय डफरिनच्या नावाचा मनोरा गावाच्या बोलीत ‘चिक्क गडियार’, म्हणजे धाकटे घड्याळ. म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडेयर यांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९२७ मध्ये उभा राहिलेला पंचाहत्तर फुटी मनोरा ‘दोड्ड गडियार’, म्हणजे थोरले. थोरल्याच्या तबकडीवर आकडे कन्नड आहेत. यंत्र कुठलेही असो, त्याने आपल्याशी आपल्या लिपीत बोलावे, हा निर्णय त्या शहराने शंभर वर्षांपूर्वीच घेतला होता. तिसरे उदाहरण उलट बाजूचे आहे. जगनमोहन राजवाड्याच्या कलासंग्रहालयात एक फ्रेंच घड्याळ आहे, ज्यात छोटे यांत्रिक शिपाई संचलन करतात. बघायला गर्दी होते ती त्याच्यापाशी. पण त्यातली सगळी करामत हलत्या भागांत आहे, आणि शोभा हलत्या भागांत ठेवली की घड्याळ राजवाड्यातच राहते. सामान्य घराच्या घड्याळाची शोभा स्थिर भागात असायला हवी.

हा मुद्दा नुसता तात्त्विक नाही. बाजारात मिळणाऱ्या साध्या क्वार्ट्झ मशीनला एका पेन्सिल सेलवर वर्षभर काटे ढकलायचे असतात. त्याची ताकद बेताचीच. काटे जड केले, त्यांवर पितळी मोर बसवला, की घड्याळ मागे पडू लागते आणि सेल लवकर संपतो. म्हणजे बदल करायचा तो तबकडीत. आणि इथेच खरी अडचण आहे, कारण तबकडी काट्यांच्या खाली असते. मशीनचा दांडा तबकडीच्या मधल्या भोकातून वर येतो, नटाने आवळला जातो आणि मग त्यावर तासकाटा, मिनिटकाटा, सेकंदकाटा असे एकावर एक दाबून बसवतात. तबकडी बदलायची तर हे सगळे उलट्या क्रमाने काढायला हवे. दर वेळी काढ-घाल केली की तासकाट्याची पकड सैल होते. मग बारा वाजता तो बारावर नसतो आणि साडेसहाला मिनिटकाट्याला घासतो. घड्याळजीकडे न जाता घरच्या माणसाला जे करता येत नाही, ते घरात होत नाही. तेव्हा ‘बदलती तबकडी’ ही जाहिरातीतली ओळ राहू नये असे वाटत असेल, तर एकच नियम पाळावा लागेल: काट्यांना हात लावावा लागता कामा नये. काटे जिथवर फिरतात ते मधले वर्तुळ कायमचे, साधे, शिसवीचे ठेवायचे आणि बदलणारा भाग त्याच्या बाहेर, काट्यांच्या टोकापलीकडे न्यायचा. सलग कडे करता येईल, पण त्याहून चांगले म्हणजे बारा तासांच्या जागी बारा गोल खाचा आणि प्रत्येक खाचेत एक सुटे गोल पान.

असे बारा-बारांचे गोल संच नव्याने शोधायला नकोत. ते शतकांपूर्वीचे तयार आहेत. दशावतारी गंजिफात एकशेवीस पाने असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात बारा पाने: एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, अकरावा प्रधान, बारावा राजा. मत्स्याच्या सत्तीवर सात मासे, कूर्माच्या पंजीवर पाच कासवे, परशुरामाच्या दुरीवर दोन परशू. हाच रंग घड्याळाच्या खाचांत क्रमाने लावला की एक वाजण्याच्या जागी एक्का येतो, दहाच्या जागी दश्शी, अकराला प्रधान आणि माथ्यावर बाराला राजा. इतकी चपखल गाठ सहसा कुठे पडत नाही. खेळात निम्म्या रंगांत दश्शी वरचढ असते आणि निम्म्यांत एक्का, ही गंजिफाची मजेशीर खोच आहे. घड्याळाला तिचे सोयरसुतक नाही, त्याला फक्त मोजणी हवी. पण दुसरा एक नियम मात्र घड्याळाच्या अगदी जवळचा आहे. दिवसा खेळ मांडला तर ज्याच्या हाती रामाचा राजा तो उतारी करतो, रात्री कृष्णाचा राजा. वेळ बघून चालणारा हा खेळ आहे. आणि म्हैसूरशी त्याचे नाते उसने नाही. मुम्मडी कृष्णराज वडेयर (१७९४–१८६८) यांना खेळांचा विलक्षण नाद होता. त्यांच्या ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथाचा ‘कौतुकनिधी’ हा भाग खेळांना वाहिलेला आहे, आणि त्यांनी रचलेल्या गंजिफाच्या डावांतला एक तर तीनशेसाठ पानांचा. इकडे सावंतवाडीला पाने रंगवण्याची कला जवळपास विझली असताना तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी जुन्या चिताऱ्याला हाताशी धरून ती पुन्हा उभी केली. तिथे आजही राजवाड्यात बसून पाने रंगवली जातात. म्हणजे पाने सावंतवाडीची आणि चौकट म्हैसूरची, असा जोड बसू शकतो; दोन्ही ठिकाणच्या कलांना भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनाच्या कागदाने गिऱ्हाईक येत नाही.

मापे मांडून पाहिली तर हे काम आवाक्यातले दिसते. पान पाच सेंटिमीटर व्यासाचे धरू. खाच त्याहून दोन मिलिमीटर मोठी, आणि शेजारच्या दोन खाचांमध्ये तीन मिलिमीटर लाकूड राखायचे. असे बारा मध्यबिंदू साडेपाच सेंटिमीटर अंतरावर मांडले की ते घड्याळाच्या मध्यापासून सुमारे १०.६ सेंटिमीटरवर येतात. बाहेर दोन सेंटिमीटरची जडावाची किनार ठेवली तर पूर्ण घड्याळ जवळपास साडेतीस सेंटिमीटर, म्हणजे भिंतीवरच्या नेहमीच्या बारा इंची घड्याळाएवढेच होते. आत मिनिटकाट्याला साडेसात सेंटिमीटर जागा राहते. पितळी काटा गडद शिसवीवर लांबूनही दिसतो. पान चिकटवायचे मुळीच नाही. खाचेच्या कडेला तीन छोट्या पितळी जिभा आणि मागून बोटाने ढकलायला एक भोक, एवढे पुरते. सावंतवाडीचे पारंपरिक पान कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडू यांचे थर देऊन, पाठीला लाख लावून करतात. असे पान जिभेखाली सरकवताना त्याच्या कडेचा रंग खरवडू नये म्हणून जिभांची टोके गोलवावी लागतील. प्रत्यक्ष करताना अशा बारीकसारीक गोष्टीच छळतील.

पहिला आक्षेप सरळ आहे: मासे मोजत बसायचे आणि मग किती वाजले ते कळणार? पण घड्याळातला आकडा आपण वाचत नाही, काट्याची दिशा वाचतो. आकडेच नसलेली, नुसत्या रेघांची घड्याळे कचेऱ्यांतून कधीपासून चालत आली आहेत. गंजिफाच्या तबकडीत तर राजा आणि प्रधान ही दोन चित्रपाने इतर दहांहून वेगळी उठून दिसतात, त्यामुळे माथा कुठे आहे हे एका नजरेत कळते. काटा पानांवरून जात नसल्याने चित्राच्या गर्दीत तो हरवतही नाही. ‘वेळ तर मोबाइलवर दिसते’ असे म्हणणाऱ्यांना मी विरोध करणार नाही. उलट, वेळ दाखवण्याचा भार हलका झाल्यामुळेच भिंतीवरच्या घड्याळाला आपला चेहरा खुलवायची मोकळीक मिळाली आहे. मग पडद्यावरच चित्रे बदलणारे घड्याळ का नको? तिथे चित्र फुकट बदलते, म्हणून ते कोणी पाहत नाही, आणि ते काढणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो कलेच्या जाणकारांकडून येईल. गंजिफा हा खेळ आहे. तो भिंतीला टांगला की मेला. खरे तर तो खेळ म्हणून बहुतेक घरांतून केव्हाच गेला. आज संच विकत घेणारे पुष्कळसे त्याची चौकट करून लावतात किंवा कपाटात ठेवतात. काचेमागे कायमचे बंद झालेले पान आणि बोटाने ढकलून बाहेर काढता येणारे पान यांत फरक आहे. या घड्याळाबरोबर पूर्ण संचच द्यावा. बारा पाने भिंतीवर आणि एकशेआठ डब्यात (आकडा शुभ निघाला, तेवढीच विक्रेत्याची सोय). खेळायचा दिवस आला की बारा पाने उतरवून डाव मांडावा. घड्याळ रिकाम्या खाचांनिशी चालत राहील. सोबत खेळाचे नियम छापून द्यावेत, नाहीतर एकशेआठ पाने कायमची डब्यातच राहतील. पट आणि सोंगट्या कारागिरांकडून नव्याने करवून घेऊन त्यांची प्रदर्शने भरवणारे रामसन्स कला प्रतिष्ठान म्हैसुरातच आहे, त्यामुळे खेळ शिकवणारी माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही. आणि पाने बदलायला निमित्तही तिथे आयते आहे. दसऱ्यात म्हैसूरची घरे बाहुल्या मांडतात, रोज आरास पाहायला शेजारीपाजारी येतात. दहा दिवस, दहा अवतार, रोज एक रंग.

नक्कल होईल, हा तिसरा आक्षेप मला खोडता येत नाही. पानांची चित्रे पुठ्ठ्यावर छापून, फळीला भोके पाडून कोणीही स्वस्तात असे घड्याळ विकेल, आणि मानांकन त्याला फारसे रोखू शकणार नाही. तरीही छापील पानाला मी शत्रू मानत नाही. खाचेचे माप एकच असले तर छापील पानांनी सुरू केलेले घर पुढे कधीतरी हाताने रंगवलेला एक राजा घेईल, मग प्रधान, मग सवडीने उरलेला रंग. एकशेवीस पानांची किंमत एकरकमी देणे मध्यमवर्गीय घराला जड जाते. एक पान घेणे जात नाही. चिताऱ्यालाही मोठ्या संचाच्या मागणीची वाट पाहत बसण्यापेक्षा सुटी पाने रंगवून देणे परवडते. ग्राहकाला यापलीकडे मोकळीक किती द्यायची? कुलदैवत, गावचा डोंगर, आजोबांचे सायकलचे दुकान, असे एखादे पान सांगून करवून घेता यावे; पण राजा-प्रधानाची ठेवण आणि मोजणीचा क्रम चिताऱ्याकडेच राहावा. नाहीतर वाढदिवसाचा फोटो मागल्या दाराने परत येईल.

जडावकामाचा कारागीर बदलाला घाबरतो, असे मात्र कोणी म्हणू नये. म्हैसूरचा जडाव एकेकाळी हस्तिदंताच्या पांढऱ्या रंगावर उभा होता. १९८६ मध्ये देशी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली, तेव्हा त्याच हातांनी पांढऱ्यासाठी प्लॅस्टिक आणि फिकट लाकडे घेतली आणि काम चालू ठेवले. आता शिसवीच्या तोडीवर आणि व्यापारावरही निर्बंध आहेत, म्हणून मोठ्या फळ्यांपेक्षा अशा तीस सेंटिमीटरच्या चौकटी त्याला सोयीच्याच पडतील. अडचण आहे ती मापाची. गंजिफाच्या पानांचा व्यास गावागणिक आणि संचागणिक बदलतो. सावंतवाडीचे पान म्हैसूरच्या खाचेत बसेलच, याची आज खात्री नाही. दोन्हीकडच्या कारागिरांनी आणि त्यांचा माल घेणाऱ्या सरकारी एम्पोरियमनी आधी एक व्यास ठरवावा. तो पाच सेंटिमीटरच हवा असा आग्रह नाही. साडेचार असला तर घड्याळ थोडे लहान होईल, आणि छोट्या फ्लॅटच्या भिंतीला कदाचित तेच बरे.